तंबूतील मुक्काम आणि भंडारदऱ्याची निसर्गस्थळे

तंबूतील मुक्काम महाराष्ट्राला नवा नाही. जिल्ह्याचे अधिकारी घोड्यावरून दौरा करीत, त्या काळी गावाबाहेरच्या आमराईत त्यांच्या राहुट्या पडत आणि तेथेच कचेरीचे काम चाले. अलीकडे या मुक्कामाने नवे रूप घेतले आहे. ‘ग्लॅमर’ आणि ‘कॅम्पिंग’ हे दोन शब्द जोडून ‘ग्लॅम्पिंग’ हा शब्द तयार झाला. पलंग, गादी, वीज आणि जोडून स्वच्छतागृह अशा सोयी असलेल्या तंबूत राहून निसर्गाचा आनंद घेणे, हा त्याचा अर्थ होय.

मात्र प्रवासी दूरवरून येतो तो तंबूसाठी नव्हे. तंबू कोठेही उभारता येतो. तो येतो तंबूच्या दारातून दिसणाऱ्या डोंगरासाठी, जलाशयासाठी, जवळच्या मंदिरासाठी आणि त्यांची छायाचित्रे घरी नेण्यासाठी. या व्यवसायाचे खरे भांडवल ही स्थळेच आहेत आणि ते भांडवल साऱ्या गावाच्या मालकीचे आहे. ते कसे पाहावे आणि कसे राखावे, याचा विचार अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसराच्या आधारे येथे केला आहे.

जलाशय आणि धरण

अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण उभे आहे. त्याचे बांधकाम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण त्या काळातील स्थापत्याचा एक उत्तम नमुना आहे. धरणामागे साठलेला जलाशय ‘आर्थर लेक’ या नावाने ओळखला जातो. मुंबई व नाशिकहून येणाऱ्यांना इगतपुरी हे सोयीचे रेल्वे स्थानक आहे.

धरणाच्या विमोचकातून पाणी सोडले म्हणजे ते खालच्या खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते. यालाच ‘अंब्रेला फॉल’ म्हणतात. पाणी सोडलेले नसेल, तर तेथे केवळ कोरडा खडक दिसतो. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. धरणाच्या क्षेत्रात छायाचित्रणास मनाई करणारा फलक असल्यास त्याचे पालन करावे. जलाशयाचे छायाचित्र घ्यावयाचे, तर सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. त्या वेळी वारा पडलेला असतो आणि डोंगरांची प्रतिबिंबे पाण्यात स्थिर दिसतात.

जलाशयाभोवतीची प्रदक्षिणा

जलाशयाच्या पायथ्याशी असलेल्या शेंडी गावातून रस्ता निघतो. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावे घेत तो जलाशयाला वळसा घालून परत येतो. एका दिवसात ही प्रदक्षिणा पुरी होते. परंतु दोन दिवस दिल्यास पाहिल्याचे समाधान लाभते.

घाटघर येथे सह्याद्रीचा कडा एकाएकी तुटतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. याच ठिकाणी २५० मेगावॅट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. वरच्या जलाशयातील पाणी खाली सोडून वीजनिर्मिती करावयाची आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवावयाचे, असे त्याचे कार्य चालते.

साम्रदजवळ सांदण दरी आहे. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच कातळ आणि मधून जेमतेम वाट, असे तिचे स्वरूप आहे. ऊन माथ्यावर आल्यावरच तळाशी उजेड पोहोचतो, म्हणून छायाचित्रासाठी दुपारची वेळ बरी. पावसाळ्यात ही दरी म्हणजे पाण्याची वाटच होते. त्या दिवसांत तेथे उतरणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे या परिसराचे भूषण आहे. शिलाहारकालीन मानले जाणारे हे शिवमंदिर शिखरावरील नाजूक कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. जवळच कोनाड्यांतून मूर्ती असलेली दगडी पुष्करिणी आहे. कोरीव कामाचे छायाचित्र सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात घ्यावे. माथ्यावरच्या उन्हात सावल्या पडत नाहीत आणि शिल्प सपाट दिसते. गाभाऱ्यात मात्र पूजा चालू असते. तेथे कॅमेरा बाजूला ठेवणे उचित.

मंदिरापासून रतनगडाची वाट सुरू होते. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार पडलेले भोक आहे, त्यास ‘नेढे’ म्हणतात. नेढ्यात बसले असता अलंग, मदन, कुलंग हे गड आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई अशी डोंगरांची रांग नजरेत भरते. प्रवरेचा उगमही याच डोंगरांत आहे.

शिखर, प्रपात आणि कडा

कळसूबाई हे १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर होय. बारी गावातून वर जाण्याची वाट आहे आणि अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे मंदिर आहे. नवरात्रात येथे भाविकांची गर्दी असते. पर्यटकाला जे शिखर वाटते, ते परिसरातील लोकांचे दैवत आहे, याचे भान ठेवावे.

भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला प्रवरेवरच रंधा धबधबा आहे. सुमारे १७० फुटांवरून कोसळणाऱ्या या प्रपाताचे खरे रूप पावसाळ्यात पाहावे. पण ते कठड्याच्या आतूनच. निसरड्या खडकावर छायाचित्रासाठी पुढे टाकलेले एक पाऊल जिवावर बेतू शकते.

एक दिवस अधिक असेल, तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहावा. अंतर्वक्र आकाराच्या या कड्यावरून दरीतील धुक्यात कधी कधी वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसते. त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात त्याची नोंद केली आहे.

काजव्यांची रात्र

मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत या परिसरातील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात. या दोन-तीन आठवड्यांतच तंबूंना सर्वाधिक मागणी असते आणि परिसराला सर्वांत मोठा धोकाही याच काळात संभवतो.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या वर्गातील कीटक आहे. त्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला आणि मादीने नराला दिलेला संकेत होय. मोटारींचे दिवे, विजेऱ्या आणि तंबूंवरील दिव्यांच्या माळा यांच्या झगझगाटात हा संकेत हरवतो आणि मीलन घडत नाही. मीलन नाही, तर अंडी नाहीत. अंडी नाहीत, तर पुढील वर्षी काजवे नाहीत. त्याच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात. झाडाखाली मोटारी उभ्या केल्या आणि माणसे हिंडली, की ती जमीनही तुडवली जाते.

छायाचित्रकाराने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फ्लॅश टाकून काजव्यांचे छायाचित्र येतच नाही. केवळ पाने उजळतात. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून, फ्लॅश बंद करून, काही सेकंद झडप उघडी ठेवली म्हणजे प्रकाशाचे ठिपके उमटतात. येथे चांगले छायाचित्र आणि काजव्यांचे हित यांत विरोध नाही. दोहोंनाही अंधारच हवा.

ग्रामसभेपुढील प्रश्न

या भागात प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी आणि वरई ही त्यांची पिके. पावसाळा संपला की रोजगारासाठी बाहेर पडावे लागणाऱ्या कुटुंबांना गावातच मिळणारे चार पैसे मोलाचे आहेत. वाटाड्याचे काम, घरगुती जेवण, तंबूंची देखभाल यांतून तरुणांना व महिला बचत गटांना काम मिळते. म्हणून पर्यटनाला विरोध करणे हा उपाय नव्हे. त्यास शिस्त लावणे हा उपाय आहे.

पहिला प्रश्न जागेचा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जलाशयाची कड मोकळी पडते आणि तंबूसाठी तीच जागा सर्वांना हवी असते. परंतु तेथे खणलेला शौचखड्डा पावसाळ्यात जलाशय भरताच पाण्याखाली जातो. हेच पाणी पुढे प्रवरेच्या खोऱ्यातील शेतीला आणि गावांना जाते. म्हणून तंबू व स्वच्छतागृहे पूर्ण संचय पातळीच्या वर आणि पाण्यापासून पुरेशा अंतरावर असली पाहिजेत.

दुसरा प्रश्न कायद्याचा. येथील मोठे क्षेत्र १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यातील पर्यटन व छायाचित्रण हे परवान्याचे विषय आहेत. केंद्रसंरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. हा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेला गावाच्या साधनसंपत्तीविषयी विशेष अधिकार दिले आहेत. या अधिकारांचा उपयोग करून ग्रामसभेने वनविभागाच्या विचाराने तंबूंची संख्या, वाहनतळाची जागा, दिवे मालविण्याची वेळ आणि कचऱ्याची व्यवस्था ठरवावी. जमा होणाऱ्या शुल्काचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

शिक्षकांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांकडून आपल्या गावातील प्रेक्षणीय स्थळांचा नकाशा काढून घ्यावा. एकच जागा उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कशी दिसते, याची नोंदवही ठेवावी. काजवे कोणत्या झाडावर, कोणत्या तारखेला प्रथम दिसले, हे दरवर्षी लिहून ठेवल्यास दहा वर्षांनी तीच नोंद गावाचा मोलाचा दस्तऐवज ठरेल. उद्याचे वाटाडे याच वर्गांतून तयार व्हावयाचे आहेत.

तंबू सकाळी उतरविला, की त्याच्या खुंट्यांची भोके तेवढी मागे राहावीत आणि पहिल्या पावसात तीही बुजावीत. भंडारदऱ्यास जे लागू आहे, ते महाराष्ट्रातील प्रत्येक डोंगरी गावास लागू आहे. प्रवासी छायाचित्र घेऊन परत जातो. ते स्थळ सांभाळण्याची जबाबदारी मात्र गावाकडे राहते. ती जबाबदारी पेलण्याचे बळ गावाला मिळावे, हेच पर्यटनविकासाचे उद्दिष्ट असले पाहिजे.