अन्ननलिकेत अडकलेला बटण सेल

मुलाने नाणे गिळले की घरात केळे भरविण्याची धांदल उडते. नाणे बहुधा पोटात उतरून शौचावाटे बाहेर पडते. त्यामुळे ‘उद्या पाहू’ ही वृत्ती रुजली आहे. बटण सेलच्या बाबतीत तीच घातक ठरते. रिमोट, वजनकाटा वा खेळण्यातील सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यातून वीजप्रवाह सुरू होऊन त्याच्या ऋण बाजूशी दाहक आम्लारी तयार होते. दोन तासांतच अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते.

गिळताना कोणी पाहिले नसेल, तर निदान फसते. लाळ गळणे, घास नाकारणे, खोकला ही लक्षणे घशाच्या साध्या दुखण्याचीच वाटतात. क्ष-किरण चित्रात मात्र सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसते. नाण्याला ते सहसा नसते.

परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ पासूनचे. पण उत्तन-डोंगरीहून भाईंदर स्थानक गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. म्हणून क्ष-किरण तपासणी जवळच्या रुग्णालयात करावी आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय कोठे सज्ज आहे, हे तेथील डॉक्टरांनी मूल हलविण्यापूर्वीच दूरध्वनीवरून निश्चित करावे. ओकारी काढू नये, केळेही नको. एक वर्षावरील, गिळू शकणाऱ्या मुलास पहिल्या १२ तासांत दर १० मिनिटांनी दोन चमचे मध, सहा वेळांपर्यंत, देता येतो. त्यासाठी प्रवास थांबवू नये.

सेल निघाल्यावरही जखम खोल जात राहते. त्यानंतर काही आठवड्यांनीही रक्ताची उलटी वा काळी शौच झाल्यास मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.