काळ्या शिवारातली बेटं : नांदेड-लातूरच्या सायकलवाटा

लातूर जिल्ह्यात बेट म्हणजे टेकडी. हत्तीबेट, वडवळ नागनाथचं बेट. चहूबाजूंनी काळं शिवार आणि मधे एकटाच उभा डोंगर. श्रावणात सोयाबीन गुडघ्याला लागलं आणि त्यावरून वारा फिरू लागला की हे नाव का पडलं असेल, ते विचारावं लागत नाही.

माउंटन बाइक घेतली की पुण्या-मुंबईची मंडळी सह्याद्रीकडे वळतात. मराठवाड्यात काय आहे, असं मला अनेकदा विचारलं जातं. इथे सायकलीसाठी आखलेली वाट नाही, पाटी नाही, खुणेचा दगडही नाही. आहेत त्या पांदणी, गाडीवाटा, दोन गावांच्या हद्दीवरून जाणारे शिवरस्ते आणि कालव्याच्या कडेच्या वाटा. बैलगाडीने आणि आता ट्रॅक्टरने मळलेल्या या वाटांवर मैलोन् मैल डांबर लागत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, तर गोदाकाठचं नांदेड 360 च्या आसपास. मधल्या उताराला बालाघाटाच्या सोंडा आणि माळ येतात. उंच घाट नाहीत, पण छोटे, खडे, पाय दमवणारे चढ भरपूर आहेत.

इथे वाट निवडायची ती मातीवरून. बाकी सगळं त्यानंतर.

काळी माती ओली झाली की फुगते आणि धरून ठेवते. पाच वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या अवकाळी सरीनंतर मी एका पांदणीत शिरलो. पन्नास मीटरवर मागचं चाक थांबलं. ब्रेक, साखळी, फ्रेम यांमधल्या सगळ्या जागा मातीने भरून गेल्या होत्या. काडीने खरवडावं, दहा पावलं ढकलावं, पुन्हा खरवडावं. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन डांबरी सडक गाठली. दीड किलोमीटरला दोन तास लागले. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे : चांगली सर पडली तर काळ्या रानात तीन-चार दिवस जायचं नाही. मुरमाड माळ मात्र पाऊस थांबल्यावर काही तासांत चालवण्याजोगा होतो, म्हणून पावसाळ्यात फक्त माळाच्याच वाटा धरायच्या.

कोरड्या दिवसांतही मातीकडे लक्ष हवं. ऑक्टोबरात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या होतात. चाक त्यात गेलं की हँडल वळवून बाहेर काढता येत नाही, तेव्हा आधीच ठरवून मधल्या उंचवट्यावरून किंवा कडेच्या गवतावरून चालवा. मार्चनंतर जमिनीला भेगा पडतात. काही इतक्या रुंद असतात की चाक अडकतं. मुरमाच्या उतारावर सुटे खडे टायरखाली गोळ्यांसारखे सरकतात. तिथे पुढचा ब्रेक अलगद, वजन मागे, आणि वळणाच्या आधीच वेग कमी.

उदगीर, निलंगा, औसा या दक्षिणेकडच्या पट्ट्यात जांभा दगड दिसतो. लाल, खडबडीत, टायरला चांगली पकड देणारा. मला या सगळ्या टापूत सायकलीला सर्वांत आवडणारी जमीन हीच. औसा तालुक्यातली खरोसा लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत, साधारण सहाव्या शतकातली. लातूरहून निलंग्याच्या रस्त्याने सुमारे 45 किलोमीटर. डोंगरावर रेणुकेचं देऊळ आहे. सायकल लेण्यांच्या पायथ्याशीच ठेवा. जांभा मऊ असतो, आधीच झिजलेल्या पायऱ्यांवर चाकं नेऊ नयेत. लेण्यांच्या छताला किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर आवाज, धूर, अत्तर, काहीच नको. जाताना वाटेत औशाचा भुईकोट बघून घ्या, लातूरपासून 20 किलोमीटरवर तो आहे आणि सकाळचा पहिला चहाही तिथेच होतो.

औसा तालुक्याच्या दक्षिणेला किल्लारी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप इथला. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. जुन्या गावांच्या पांढरीवर घरांचे ढिगारे होते आणि त्याखाली माणसं. त्या जागेतून सायकल चालवत जाऊ नका. उतरा, हातात धरून चाला.

आता बेटं. पहिल्यांदा येणाऱ्याने वडवळपासून सुरुवात करावी. चाकूर तालुक्यातलं वडवळ नागनाथ हे लातूरहून चाळीसेक किलोमीटर, आणि बेट गावापासून तीन किलोमीटरवर. पहिला निम्मा पल्ला राष्ट्रीय महामार्गाने जाता येतो, पण मी तो टाळतो. चाकूरपर्यंत गाडीने किंवा एसटीने जाऊन तिथून गावरस्ते धरले की सोळा किलोमीटरचा सुंदर टप्पा मिळतो : तुरीच्या ओळी, हिरवी ज्वारी, मधूनच एखादा ओढा. बेटाला संजीवनी बेटही म्हणतात. औषधी वनस्पतींसाठी ते ओळखलं जातं आणि पावसाळा उतरताना वैद्य, वैदू आणि विद्यार्थी पाला-मुळ्या ओळखायला इथे येतात. म्हणूनच इथे मळलेली वाट सोडून एक चाकसुद्धा बाहेर जाऊ नये. उतारावर नवी वाट पाडण्याचा मोह होतो, जागाच तशी आहे. पण ज्या झुडपावरून तुम्ही जाल ते कशाचं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते नावानिशी ठाऊक असतं.

हत्तीबेट उदगीर तालुक्यात, देवर्जनजवळ. खडकात कोरलेली लेणी, माथ्यावर गंगाराम महाराजांची समाधी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांनी या बेटाचा आसरा घेतला होता. माथ्यावर उभं राहिलं की कारण लगेच कळतं, चारी दिशांना कोण येतंय ते दिसतं. चढ छोटा पण तिखट आहे. मुक्काम उदगीरला करावा. मराठे आणि निजाम यांच्यातली 1760 ची लढाई ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, त्याचा किल्ला संध्याकाळी पायी फिरून होतो.

नांदेडकरांसाठी रोजच्या सरावाची वाट विष्णुपुरीकडे. शंकरसागर जलाशयाच्या काठी काळेश्वराचं देऊळ आणि पलीकडे विद्यापीठाचा माळ. सपाट, सोपं, पोरांना घेऊन जाण्याजोगं. खरा व्यायाम हवा असेल तर लोहा तालुक्यातली वडेपुरीची रत्नेश्वरी. शहरापासून पंधराएक किलोमीटर. देवीच्या टेकडीभोवतीचे मुरमाचे चढउतार पावसाळ्यातही चालतात. नवरात्रात मात्र इथे पायी येणाऱ्यांची गर्दी असते, ते नऊ दिवस सायकल घरी.

दोन दिवस हाताशी असतील तर कंधार. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं गाव, मन्याड नदी, आणि खंदकाने वेढलेला भुईकोट. नांदेडहून लोह्यामार्गे 50 किलोमीटरच्या आत. किनवट-माहूरचं सागवान जंगल याहून देखणं आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलल्यावर तर फारच. पण पैनगंगा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नये, अस्वलांचा वावर असलेलं ते रान आहे. माहूरला डांबरी रस्त्याचेच चढ पुरेसे आहेत.

सायकल कोणती? पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल पुरते. पैसे खर्च करायचेच तर टायरवर करा. बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटे या तिघांनी इथे ट्यूबचं आयुष्य फार कमी केलं आहे. ट्यूबलेस टायर आणि आत भरपूर सीलंट हा खात्रीचा उपाय. ट्यूबच असेल तर दोन जादा ट्यूबा, पंप आणि पंक्चरचं सामान. टायरमधला काटा बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर तीही पाच मिनिटांत जाते.

पाणी तीन लिटर तरी जवळ हवं. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात कुणाच्या घागरीवर विसंबून निघू नये. गावोगावी आता आरओचं थंड पाणी विकत मिळतं, बाटल्या तिथे भरा. एप्रिल-मे मी वर्ज्यच मानतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस, त्यातही डिसेंबर-जानेवारी, हुरड्याचे.

मोबाइलच्या नकाशावर दिसणारी पांदण कधीकधी कुणाच्या वावरात नांगरून गेलेली असते. बांधावरच्या माणसाला विचारा. "मामा, ही वाट कुठं निघते?" हा अर्धा प्रश्न झाला. पुढचा अर्धा असा : "फटफटी जाते का?" जात असेल तर सायकल नक्की जाते. "पावसाळ्यात जात न्हाई" असं उत्तर आलं तर पुढे काळी माती आहे. शेतातल्या आखाड्यावरची कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, शांत चालत राहा. आणि अंधारात शेतातून वाट काढू नका. रोही आणि रानडुकरं अडवायला शिवारात तारा ओढलेल्या असतात, काही ठिकाणी रात्री त्यांत थेट वीज सोडलेली असते. हा धोका जीवघेणा आहे, नेमका पहाटेच्या उत्साही सायकलस्वाराला. उजेड पुरता फुटल्यावरच रानात शिरा. घोणस, मण्यार यांचंही हेच रान. साप चावला तर 108 ला फोन करा आणि वैदूकडे वेळ घालवू नका. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. गळीत हंगामात संध्याकाळनंतर डांबरी रस्तेही टाळा. उसाच्या ट्रॉल्यांना मागचा दिवा बहुधा नसतो.

वर्षातून एकदाच जमणार असेल तर मार्गशीर्षातली अमावस्या धरून या. आदल्या दिवशी, वद्य चतुर्दशीला, लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो. सायकल गावाबाहेर ओळखीच्या ठिकाणी ठेवून यात्रा पायी बघा, अहमदपूरला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या, इथल्या बोलीत येळवस. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग पंगत. अहमदपूरहून निघून गावरस्त्यांनी वडवळकडे या. वाटेत दर दोन-तीन बांधांनंतर कुणीतरी हात करून बोलावतं : "दादा, थांबा, जेवून जावा." भज्जी, बाजरीचे उंडे, बिंदग्यातली गार आंबील. कुठेच नाही म्हणू नका, म्हणून पहिल्या ठिकाणी थोडंच खा. बेटाचा चढ त्यानंतर यायचा आहे.