जुन्या जिप्सीवर पहिला खर्च कशाचा?

कॅडेट मित्रांनो, छावणीत वाढलेल्या मुलाला जिप्सीची ओळख करून द्यावी लागत नाही. १९८५ च्या अखेरीस ती बाजारात आली. गुडगावच्या, म्हणजे आजच्या गुरुग्रामच्या, मारुती कारखान्यात ती तयार होत असे आणि भारतीय सेनेने ती हजारोंनी घेतली. २००० साली तिला एमपीएफआय इंजिन मिळाले: १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती. गाडीचे वजन जेमतेम एक टन. म्हणूनच हिमालयातल्या रॅलींमध्ये ती वर्षानुवर्षे धावली. नागरी ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले, त्यामुळे आता मिळते ती जुनीच.

अशी गाडी घरी आली की पहिले पैसे बहुधा रुंद टायर, समोरचा लोखंडी बुलबार, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि छतावरचे दिवे यांवर जातात. मे महिन्यात तीच गाडी घरच्यांना घेऊन दिल्लीहून पुण्याला निघते. हे अंतर चौदाशे किलोमीटरहून जास्त आहे आणि मागच्या बाकावर आजी बसलेली असते. म्हणून खर्चाचा क्रम चुकता कामा नये. तो असा लक्षात ठेवावा: आधी थांबणे, मग वळणे, शेवटी पळणे.

पायरी पहिली : तपासणी

सेनेत गाडीची देखभाल तीन वेळा होते: निघण्यापूर्वी फर्स्ट परेड, वाटेतल्या थांब्यावर हॉल्ट परेड आणि परतल्यावर लास्ट परेड. जुन्या गाडीचीही आधी मोठी फर्स्ट परेड घ्यावी. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ट्रान्सफर केस आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल हे सगळे बदलावे. आधीच्या मालकाने शेवटचे कधी बदलले ते खात्रीने कळत नाही, तेव्हा मोजणी शून्यापासून सुरू करणे बरे. टायमिंग बेल्टचेही तसेच. तो तुटला की गाडी आहे तिथेच उभी राहते.

दिल्लीच्या उन्हाळ्यात रेडिएटर, होज पाइप आणि थर्मोस्टॅट यांना महत्त्व येते. काही मिस्त्री 'गाडी गरम होते' म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने मूळ बिघाड जात नाही, फक्त झाकला जातो. हिवाळ्यात तर इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर होतो आणि पेट्रोल जास्त जळते. गाडी का तापते ते शोधावे आणि थर्मोस्टॅट नवा बसवावा.

पायरी दुसरी : थांबणे

येथे आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकाचा उपयोग होतो. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे वेगाच्या वर्गावर आणि टायर-रस्ता यांच्यातल्या घर्षणावर अवलंबून असते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२.२ मीटर. चांगल्या टायरचा घर्षणांक ०.७ धरला तर गाडी ३६ मीटरमध्ये थांबते. कडक झालेल्या, झिजलेल्या टायरचा तो ०.५ धरला तर ५० मीटर लागतात. चालकाने ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतचे अंतर यात धरलेलेच नाही. एका सेकंदाला ते आणखी २२ मीटर होते.

फरक १४ मीटरचा, म्हणजे साडेतीन जिप्सींच्या लांबीएवढा. पण खरी गोष्ट पुढे आहे. चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागेवरून जुन्या टायरची गाडी ताशी ४३ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. तिथे एखादे मूल उभे असेल तर काय होईल, याचा विचार करावा.

म्हणून पहिला मोठा खर्च टायरवर करावा. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या गाडीचे रबर कडक होते, म्हणून खोलीबरोबर तारीखही पाहावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बाद समजावा.

त्यानंतर पुढच्या डिस्क ब्रेकचे पॅड, मागच्या ड्रमचे लायनर, रबरी ब्रेक होज आणि व्हील सिलिंडर. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे.

रुंद टायरचे काय? जिप्सीला मूळ २०५/७० आर १५ मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास ६६८ मिलिमीटर. हौसेने बसवल्या जाणाऱ्या २३५/७५ आर १५ टायरचा व्यास ७३३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त. मग स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८८ ने धावते. वेग दहा टक्के वाढला की गतिज ऊर्जा सुमारे वीस टक्के वाढते, ब्रेक मात्र तेच राहतात. उलट चाक मोठे झाल्याने ब्रेकची पकड तेवढी कमी पडते. दिसायला भारी, थांबायला कमकुवत!

पायरी तिसरी : वळणे

जिप्सीला पुढे-मागे पाटे आहेत. पाट्यांचे आणि शॅकलचे रबरी बुश, चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, किंगपिन बेअरिंग आणि स्टिअरिंगचे बॉल जॉइंट तपासावेत. स्टिअरिंग थरथरत असेल तर काही जण फक्त स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. दुखण्याचे मूळ झिजलेल्या बेअरिंगमध्ये किंवा चाकांच्या बॅलन्समध्ये असेल, तर आधी ते बदलावे.

चांगल्या प्रतीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर ही खरी पहिली सुधारणा म्हणता येईल. तोवरचे सगळे काम सुधारणा नसून गाडीला तिच्या मूळ स्थितीत आणणे आहे. आश्चर्य म्हणजे एवढे झाल्यावर 'ताकद कमी आहे' ही तक्रार बरेचदा उरतच नाही.

पायरी चौथी : पळणे

इंजिनाची ताकद वाढवण्याआधी कॉम्प्रेशन तपासावे. चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर नवे प्लग, एअर फिल्टर, इंधन फिल्टर आणि स्वच्छ इंजेक्टर एवढे पुरते. आकड्यांत मोठा फरक असेल तर बाहेरून कितीही महाग सायलेन्सर लावून काही होणार नाही.

सुटे भाग कुठून, कोणते?

दिल्लीत सुट्या भागांसाठी काश्मिरी गेटचा बाजार आणि जुन्या मालासाठी मायापुरी प्रसिद्ध आहे. जाताना गाडीचा चासी नंबर, इंजिन नंबर आणि शक्य तर जुना भाग सोबत न्यावा. कार्ब्युरेटरची आणि एमपीएफआयची जिप्सी बाहेरून सारखी दिसते, पण इंजिनाचे सगळे भाग सारखे नाहीत. पक्के बिल मागावे. बिल न देणाऱ्याकडचा 'ओरिजिनल' माल घेऊ नये.

जुने काय चालते? दरवाजा, बॉनेट, सीटचा सांगाडा, हँडल. टायर, ब्रेकचे भाग, बेल्ट, होज आणि बेअरिंग मात्र नेहमी नवेच घ्यावेत.

कायदा आणि तारीख

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने बुलबारविरुद्ध कारवाईचे आदेश राज्यांना दिले, कारण तो पादचाऱ्यालाही घातक आणि आत बसलेल्यांनाही.

एनसीआरमधल्या पालकांनी आणखी एक हिशेब करावा. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश पाहता येथे डिझेल गाडीला १० वर्षे आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षे ही मर्यादा आली. जिप्सी पेट्रोलची आहे. अंमलबजावणीचे नियम पुढे बदलत आले आहेत, म्हणून खर्च करण्याआधी आरसीवरील नोंदणीची तारीख आणि बीएस मानक पाहून सध्याचा नियम विचारून घ्यावा. मुदत दोनच वर्षे उरली असेल तर टायर आणि ब्रेक यांवर खर्च करावाच, कारण ती दोन वर्षे माणसे त्याच गाडीत बसणार आहेत. रंगरंगोटीचा खर्च मात्र टाळावा.

आपल्याला मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळेल. तोवर चाक हातात येणार नसले तरी टायरची तारीख वाचणे, नक्षीची खोली मोजणे, ब्रेक ऑइलची पातळी पाहणे आणि गाडीखाली गळती शोधणे याला परवाना लागत नाही. येत्या सुट्टीत घरची गाडी निघण्यापूर्वी ही फर्स्ट परेड आपण घ्यावी. गाडी जिप्सीच असली पाहिजे असे नाही.