वाळू ट्रकमधून उतरण्याआधी

रत्नागिरीच्या किनारपट्टीत बांधकामांवर देखरेख करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. घरमालक सिमेंटच्या ब्रँडवर तासभर बोलतात. वाळूबद्दल मात्र एकच विचारतात, ब्रास कितीला? म्हणून हे लिहितो आहे.

१. खाडीची वाळू न धुता स्लॅबमध्ये घालू देऊ नका. यात तडजोड नाही. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो. खाडीच्या वाळूतल्या मिठातलं क्लोराइड नेमका तोच थर फोडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आतून दाब येतो, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटतं, छताचे पोपडे पडतात. वरून प्लास्टर मारून उपयोग नाही, कारण मीठ आतच आहे. आयएस ४५६:२००० या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये, सगळे घटक धरून, घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. घनमीटरला साधारण ७०० किलो वाळू लागते. तिच्यात ०.१ टक्का क्लोराइड असलं, तरी एकटी वाळूच ही मर्यादा ओलांडते.

२. जिभेवर ठेवून खारटपणा ओळखणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. पण मीठ नेमकं किती आहे, हे जिभेला कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवा. एका स्लॅबच्या खर्चापुढे ती फी नगण्य आहे.

३. गाळाची परीक्षा मात्र जागेवरच होते. काचेच्या उभ्या बरणीत वाळू आणि मीठ घातलेलं पाणी भरा, जोरात हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला, तर ट्रक परत पाठवा. गाळ सिमेंटला वाळूच्या कणावर नीट चिकटू देत नाही. शिवाय तो पाणी पितो, मग माल घट्ट वाटतो म्हणून मिस्त्री आणखी पाणी ओततो. ते जादा पाणी सुकल्यावर काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं राहतात आणि खारी हवा त्यांतूनच सळईपर्यंत पोहोचते.

४. क्रश सँडला नाकं मुरडू नका. आपल्या काळ्या पाषाणाची, दगड फोडणाऱ्या व्हीएसआय यंत्रावर काढून धुतलेली वाळू खाडीच्या वाळूपेक्षा मला कधीही बरी वाटते. आयएस ३८३ तिच्यात १५ टक्क्यांपर्यंत बारीक भुकटी चालवून घेतं, नदीच्या वाळूत फक्त ३ टक्के. कारण भुकटी दगडाची असते, मातीची नव्हे. पण क्रशरखालची कच म्हणजे क्रश सँड नव्हे. तिचे कण चपटे असतात, कधी वरच्या थरातला मुरूमही मिसळलेला असतो. दर फारच कमी सांगितला, तर आधी चाळणीचा रिपोर्ट मागा.

५. ओलसर वाळू फुगते, २०–३० टक्क्यांपर्यंतही. घमेल्याने मोजत असाल, तर तेवढी वाळू मालात कमी पडते. पावसाळ्यात ढीग झाकून ठेवा, आणि शक्य तिथे वजनानेच मोजा.