पथ्याच्या ताटातले मटण-चिकन

ताईंनो, ‘सीलिअ‍ॅक’ आजारात गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते. जुलाब, पोट फुगणे, रक्त कमी होणे, मुलांची वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे. इलाज एकच, ग्लुटेन कायमचे बंद.

पण कधी चपाती सोडून भाकरी सुरू केली तरी पोराचं पोट दुखायचं थांबत नाही. मग चूक कुठे होते? रविवारच्या चिकनमध्येही असू शकते!

ताज्या मटणात, कोंबडीत, मासळीत ग्लुटेन नसते. ते वरून घातलेल्या वस्तूंतून येते. म्हणून:

१. कोंबडी समोर कापून घ्या. मसाला लावून ठेवलेली नको.

२. नगेट्स, सॉसेजमध्ये मैदा किंवा ब्रेडचा चुरा असू शकतो. पाकिटावर ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘माल्ट’ दिसले तर ठेवून द्या. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून वाचून घ्या.

३. वाटण घरीच करा. बाजारच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचे पीठ असते.

४. मासे तळताना रव्याऐवजी तांदळाचे पीठ लावा. पुऱ्या तळलेले तेल वापरू नका.

महत्त्वाचे: नुसत्या शंकेवरून गहू बंद करू नका, रक्ततपासणीत आजार सुटून जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग पथ्य.

बैठकीत करू या: प्रत्येकीने मसाल्याचे एक पाकीट आणावे, घटक मिळून वाचू. आपला गट मसाला विकत असेल, तर आपल्याही पाकिटावर सगळे घटक लिहिलेत ना, तेही पाहू.