जुन्या टाइल्सवर रंग टिकतो का?

प्रश्न : आमच्या जुन्या फ्लॅटमधल्या बाथरूमच्या भिंतीवरच्या टाइल्स डागाळल्या आहेत. तोडफोडीचा खर्च झेपणार नाही. घरात उरलेला ऑइल पेंट त्यांवर मारला तर चालेल का?
– एक वाचक, माम्बलम, चेन्नई

उत्तर : तोडफोड न करताही बाथरूम उजळेल, मात्र ऑइल पेंटने नाही. टाइलच्या गुळगुळीत झिलईवर त्याची पकड बसत नाही. काही महिन्यांत पापुद्रे निघतात. टाइल्ससाठी दोन घटक मिसळून लावायचा इपॉक्सी रंग घ्या.

खरी मेहनत आधीच्या तयारीत आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर व्हिनेगरने काढा, साबणाचा चिकटा धुऊन टाका. वॉटर पेपरने झिलई घासून काढा, भिंत पूर्ण कोरडी करा. मग प्रायमर आणि रंगाचे दोन पातळ हात. त्यानंतर साधारण आठवडाभर भिंतीवर पाणी नको, नेमकी मुदत डब्यावर पाहा. ऑक्टोबर ते डिसेंबर तुमच्याकडे पावसाचे. काम फेब्रुवारीनंतर काढा.

बजेट फारच कमी असेल, तर फक्त सांधे नव्याने भरा आणि छताला बुरशीरोधक रंग द्या. तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या टाइल्स किंवा ओल असेल, तर आधी दुरुस्ती करा. फरशी रंगवू नका. ती निसरडी होते आणि रंगही झिजतो. अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो. रंगवताना खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला. सुरुवात कोपऱ्यातल्या एका टाइलपासून करा, म्हणजे धास्ती राहणार नाही.