समुद्रावरील वादळ वाशीम जिल्ह्यांत कसें पोहोंचतें

वादळ म्हटलें म्हणजे आमच्या बहुतेक शेतकरी बंधूंच्या डोळ्यांपुढें कोंकणचा किंवा आंध्राचा किनारा उभा राहतो. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर ह्या भागाशीं त्याचा कांहीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत येत नाहीं. हा समज पिकास घातक आहे. सन २०२१ च्या सप्टेंबर अखेरीस, उत्तरा सरून हस्त नक्षत्र लागतां लागतां, 'गुलाब' नांवाचें चक्रीवादळ बंगालच्या उपसागरांतून निघून जवळजवळ आमच्या दारावरून गेलें.

प्रथम त्याचा मार्ग पाहूं. ता. २५ सप्टेंबर रोजीं सायंकाळीं उपसागरांतील कमी दाबाच्या क्षेत्रास चक्रीवादळाचें रूप आलें. ता. २६ रोजीं रात्रीं आठच्या सुमारास आंध्र प्रदेशांतील श्रीकाकुलम् जिल्ह्यांत कलिंगपट्टणमजवळ तें जमिनीवर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ७५ ते ८५ किलोमीटर होता. तेथून पश्चिमेकडे, किंचित् वायव्येस कलत, तेलंगणावरून तें ता. २८ रोजीं सकाळीं पश्चिम विदर्भ व लगतचा मराठवाडा ह्यांवर येऊन ठेपलें. पुढें गुजराथेच्या बाजूनें अरबी समुद्रांत उतरून तेथील ऊन पाण्यावर तें पुन्हां बळावलें, आणि 'शाहीन' ह्या नव्या नांवानें ता. ३ ऑक्टोबर रोजीं ओमानच्या किनाऱ्यावर आदळलें. एका समुद्रांत जन्मून दुसऱ्यांत पुन्हां उठणारीं वादळें विरळाच.

आतां आमच्या कामाची गोष्ट. जमिनीवर आल्यावर वादळाचें नांव बदलत जातें. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर असेल तोंवर चक्रीवादळ; ५० ते ६१ असल्यास डीप डिप्रेशन; ३१ ते ४९ असल्यास डिप्रेशन; त्याहून उतरल्यास नुसतें कमी दाबाचें क्षेत्र. गुलाब आमच्यापर्यंत आलें तेव्हां तें ह्या शेवटच्या पायरीवर होतें. 'वादळ क्षीण झालें' ही बातमी ऐकून अनेकांनीं निश्चिंतपणें विळे काढले. परंतु ही वर्गवारी केवळ वाऱ्याची आहे, पावसाची नव्हे. समुद्राच्या वाफेवर वादळ पोसतें. जमिनीवर ती शिदोरी तुटते व झाडें, डोंगर ह्यांच्या घर्षणानें वारा मंदावतो. पण जी वाफ त्यानें बरोबर आणिली ती कोठें जाणार? शिवाय भाद्रपदांत जमीन ओली असते आणि अरबी समुद्राकडूनही दमट वारा येत असतो. सन २०२० च्या जून महिन्यांतील 'निसर्ग' वादळानें रायगड व रत्नागिरीकडील नारळी-पोफळी वाऱ्यानें मोडल्या; आमच्याकडे मोडण्याचें काम पाणी करितें.

हें पाणी सर्वत्र सारखें पडत नाहीं. पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्राच्या डाव्या अंगास, म्हणजे नैर्ऋत्येस, बहुधा अधिक वृष्टि होते. म्हणूनच त्या वेळीं मराठवाड्यास जबर तडाखा बसला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले व बीड, लातूर, धाराशिव ह्या जिल्ह्यांत नदीकांठचीं शेतें पाण्याखालीं गेलीं. आमच्या शेजारीं यवतमाळ जिल्ह्यांत उमरखेडजवळ दहागांवच्या पुलावरून ता. २८ रोजीं एस. टी. वाहून जाऊन माणसें दगावलीं. पुलावरून पाणी वाहत असतां गाडी घालूं नये, हें येथें ओघानें सांगून ठेवतों.

शेतांत उभें राहून केंद्र कोणीकडे आहे ह्याचा अंदाज घेतां येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिल्यास आपल्या गोलार्धांत कमी दाबाचें केंद्र डाव्या हाताकडे असतें. वारा प्रथम ईशान्येचा, मग पूर्वेचा व शेवटीं आग्नेयेचा झाला तर केंद्र आपल्या दक्षिणेकडून जात आहे. उलट तो उत्तरेचा, वायव्येचा व मग पश्चिमेचा झाला तर केंद्र उत्तरेकडून जात असून आपण अधिक पावसाच्या अंगास आहों. वारा मंद असल्यास किंवा डोंगराच्या आडोशास ही खूण फसते.

महसुलांत ६५ मिलिमीटर पावसास अतिवृष्टि धरितात. एवढा पाऊस एका एकरावर पडला म्हणजे दोन लाख साठ हजार लिटरांहून अधिक पाणी झालें. काळ्या भारी जमिनींत तें मुरतां मुरत नाहीं. तुरीचीं मुळें कुजतात, कपाशीचीं खालचीं बोंडें सडतात. आणि सर्वांत वाईट गत कापून पसरलेल्या सोयाबीनची. ओल्या मातीस लागलेल्या शेंगांत दोन-तीन दिवसांतच कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, व बाजारांत भाव निम्म्यावर येतो. पक्व झालेलें पण उभें पीक त्या मानानें अधिक तग धरतें.

कलिंगपट्टणम् ते वाशीम हें सरळ अंतर सुमारें साडेसातशें किलोमीटर. तें कापण्यास गुलाबास जवळजवळ ३६ तास लागले. ह्या ३६ तासांत कापणी थांबवितां येते. कापलेला वाळका माल उंचवट्यावर गंजी लावून ताडपत्रीनें झांकतां येतो. बांध फोडून पाण्यास वाट देतां येते. नाल्याकांठचा पंप व गुरें हलवितां येतात. ओला माल मात्र गच्च झांकूं नये, तो आंतून तापतो व बुरशी धरितो. उघाड पडतांच पसरावा. भिजलेलें सोयाबीन बियाण्यास ठेवणें झाल्यास उगवण तपासावी. शंभरांत सत्तर दाणे न उगवल्यास तें पेरूं नये. ज्यांनीं पेरणी रुंद वरंबा-सरी पद्धतीनें केली त्यांच्या शेतांतून पाणी लवकर निघतें, हें आम्हीं आमच्या शिवारांत पाहिलें आहे.

नुकसान झाल्यावरचें थोडें. आमचें आयुष्य पंचनामे लिहिण्यांत गेलें. मळणी करून काळें सोयाबीन पोत्यांत भरून दाखविणारे शेतकरी पुष्कळ पाहिले. पोत्यावरून कोणत्या गटाचें, किती क्षेत्राचें नुकसान हें कोणास ठरवितां येईल? माल जागेवर असतांच छायाचित्र काढावें, कापणीची तारीख लिहून ठेवावी, व सात-बारावर तेंच पीक नोंदलें आहे ना हें आधींच पाहावें. सन २०२१ मध्यें विम्याच्या नियमांप्रमाणें ७२ तासांच्या आंत सूचना द्यावी लागे, व कापून पसरलेल्या पिकास १४ दिवसांपर्यंत वादळी व अवकाळी पावसाविरुद्ध संरक्षण असे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राज्य शासनानें अतिवृष्टिग्रस्तांसाठीं दहा हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. जिरायतीस हेक्टरीं १०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेंत. विम्याचे नियम पुढें बदलले आहेत, तेव्हां जुन्या माहितीवर न विसंबतां चालू हंगामाचा शासननिर्णय तलाठ्याकडून किंवा कृषि सहायकाकडून पेरणीपूर्वींच वाचून घ्यावा.